वाचून पाठवा

तपासनिसांना पगार मिळायचा तो मठ्ठपणाचा. ही त्यांची टिंगल नाही. ते स्वतःच तसं सांगत आणि वर हसत. घरगुती वस्तू बनवणाऱ्या त्या कारखान्यात प्रत्येक खोक्यात एक माहितीपत्रक जाई. मिक्सर असा जोडा, इस्त्रीत पाणी असं भरा, घडीचा पलंग असा उघडा. ते छापायला जाण्याआधी तपासनिसांच्या खोलीत येई. खोलीत ते, एक बंद खोकं, एक कात्री आणि ते पत्रक. आपण जन्मात मिक्सर पाहिलेला नाही असं समजायचं आणि पत्रकात लिहिलंय तेवढंच करायचं. जे लिहिलेलं नाही ते करायचं नाही, मग समोर काही का होईना. ज्याने पत्रक लिहिलं तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसे, पण त्याला तोंड उघडायची बंदी. एकदा असंच एका पत्रकात झाकण लावा हे लिहायचं राहून गेलं. तपासनिसांनी टोमॅटो टाकले, शांतपणे बटण दाबलं, आणि स्वतःच्या कपाळावरचा अन् लेखकाच्या शर्टावरचा टोमॅटो ओघळत असताना दोषपत्रकात पहिली नोंद केली: 'झाकणाचा उल्लेख नाही.'

दोषपत्रक म्हणजे चार रकान्यांचा कागद. अनुक्रमांक, पान, काय लिहिलंय, काय घडलं. तो भरून साहेबांकडे जाई. साहेब तसे भले गृहस्थ, पण एका बाबतीत हट्टी. कोरं दोषपत्रक ते घेतच नसत. पहिल्या खेपेला निर्दोष लिहिणारा माणूस त्यांच्या मते अजून जन्माला यायचा होता. कुणी रकाने कोरे ठेवून नुसतं 'ठीक' किंवा 'छान' लिहून पाठवलं की साहेब त्यावर लाल शाईने दोन शब्द लिहीत, 'वाचून पाठवा', आणि कागद परत करत. मग दिवसभर त्या माणसाची यथेच्छ खेचली जाई. तेवीस वर्षांत तपासनिसांच्या वाट्याला ते दोन शब्द एकदाही आले नव्हते. याची त्यांना घमेंड होती म्हटलं तरी चालेल.

आता असा माणूस घरी आल्यावर वेगळा कसा होणार? किराणा दुकानाच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत काहीही त्यांच्या हाती लागलं की पेन्सिल कानामागून खाली येई. बायकोने हात टेकले होते. एकुलती एक लेक मात्र लहानपणी सुट्टीत हट्टाने त्यांच्याबरोबर कारखान्यात जाई आणि त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय हलवत बसे. तिला घरात ठकी म्हणत. ठकी चौदा वर्षांची असताना तिने एक गोष्ट लिहिली, नऊ पानांची, आणि बाबांच्या टेबलावर ठेवली. बाबांनी दोषपत्रक भरलं. एकूण दोष एक्केचाळीस.

ते पाहून बायकोने त्यांची जी हजेरी घेतली ती त्यांना शब्दन् शब्द पाठ होती. "अहो, पोर आहे ती, इस्त्री नाही. नुसतं छान म्हणायला काय जातं तुमचं?" तपासनीस ओशाळले. पुढे ठकीने तीच गोष्ट पुन्हा लिहून आणली, तेव्हा त्यांनी पेन्सिल खिशातच ठेवली आणि खाली फक्त 'छान' लिहून दिलं. पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. त्यानंतर पोरीने बापाला लिहिलेलं काही म्हणून दाखवलं नाही. शाळेचे निबंध नाहीत, कॉलेजचा प्रबंध नाही, नोकरीचा अर्ज नाही. बोलणं-चालणं होतं, हसणं-खिदळणं होतं, पण कागद समोर यायचा नाही. त्या एक्केचाळिसांनी घात केला, असं तपासनिसांनी मनाशी धरलं आणि बारा वर्षं ते मनातच ठेवलं.

म्हणून त्या रविवारी सकाळी ठकीने पिशवीतून एकशेबारा पानांची जाडजूड वही काढून त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा कानामागच्या पेन्सिलीकडे गेलेला हात त्यांनी तसाच खाली घेतला.

ठकी आता सव्वीस वर्षांची. गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. तिघी मिळून तीन वर्षं एक खेळ बनवत होत्या. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. आपलं पात्र काय करणार ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि प्रसंग बाका आला की फासा टाकायचा. खेळाचं नाव 'सात पुलांचं राज्य'. समोरची वही म्हणजे त्याच्या नियमांचा खर्डा.

"बाबा, जरा बघाल?" ठकी म्हणाली. "तीन आठवड्यांनी छापायला जायचंय. आम्हा तिघींना सगळं तोंडपाठ झालंय, त्यामुळे चुका दिसतच नाहीत. नवख्या माणसाला कळतंय का, एवढंच."

वहीबरोबर तिने फाशांची एक थैली दिली आणि काही कोरे कागद. कागदांवर चार रकाने आखलेले होते. आपली लेक घाबरत घाबरत काहीतरी पुढे करते आहे एवढंच तपासनिसांना दिसलं. ते रकाने कुठले, हे त्यांना दिसलं नाही. कारखान्यात डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस घरात हा असा.

ती गेल्यावर बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "हे बघा," ती म्हणाली, "बारा वर्षांनी पोरीने काही दाखवलंय. या वेळी तरी शहाणपण करू नका."

"नाही करत," तपासनीस म्हणाले.

पण वाचायला तर हवंच होतं. आणि त्यांना वाचायची एकच रीत ठाऊक होती. दुसऱ्या दिवसापासून कामावर जाण्याआधी तासभर ते मागच्या खोलीत बसू लागले. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली. पितळी बटण योद्धा, निळं बटण जादूगार, कोटाचं तपकिरी बटण चोर, आणि घर म्हणून प्रत्येकाला एकेक रिकामी काड्यापेटी. नोंदींसाठी स्वतःची एक वेगळी वही घेतली, खर्ड्याचं पहिलं पान उघडलं आणि लिहिलंय तेवढंच करायला सुरुवात केली.

पहिल्याच सकाळी घोडं अडलं. खेळाच्या आरंभी प्रत्येक पात्र आपापल्या घरून निघतं असं लिहिलं होतं. पुढे अकराव्या पानावर होतं की कोणतंही दार उघडायला किमान आठ ताकद हवी. जादूगाराची ताकद पाच. म्हणजे बिचारा स्वतःच्या घरात कोंडला गेला. योद्धा आणि चोर पहिल्या पुलापाशी पोचले आणि निळं बटण आपलं काड्यापेटीच्या घरात.

"एवढा जादूगार ना तो?" बायको दारातून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "मंत्र टाकून उघडू दे की."

"मंत्र पहिल्या पुलानंतर मिळतात."

"मग लाथ मारू दे."

"लाथेचा नियम पान चाळीसवर आहे. तो फक्त राक्षसांना लागू."

"अगं बाई," म्हणत ती खुर्ची ओढून बसलीच. जादूगार तिने आपल्याकडे घेतला. दोन सकाळी गेल्या तेव्हा बावन्नाव्या पानावर साथीदाराला मदत करण्याचा नियम सापडला, योद्ध्याने मागे येऊन बाहेरून दार उघडलं आणि जादूगार एकदाचा घराबाहेर पडला. बायकोने चक्क टाळी वाजवली.

पुढे तर मजाच झाली. तिसऱ्या पुलावर राक्षसांशी लढाई जुंपली. नियम असा की तीन जखमा झाल्या की पात्र खाली पडतं. आधी चोर पडला, मग जादूगार, राक्षसांना पळवून लावून योद्धाही पडला. तपासनिसांनी तिन्ही बटणं पालथी केली आणि उठायचा नियम शोधू लागले. पानं पुढे चाळली, मागे चाळली. जखम भरण्याचा नियम होता, औषधाचा होता, विश्रांतीचा होता. पडलेल्याने उठावं असं एकशेबारा पानांत कुठेही नव्हतं. पडलेल्याने लढू नये एवढं लिहिलं होतं. पूल ओलांडू नये असं मात्र नव्हतं. तेव्हा आमच्या या नेकीच्या माणसाने पुढचे चार पूल ती तिन्ही बटणं पालथीच सरकवत नेली. "किती हाल त्या जिवांचे," बायको म्हणाली, आणि दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

सातव्या पुलावर मात्र हसू थांबलं. तिथे लढाई नव्हतीच. एक म्हातारा पूलराखा होता, जो आयुष्यात तो पूल सोडून कुठे गेला नव्हता. प्रत्येक पात्राने वाटेत पाहिलेली एक गोष्ट त्याला सांगायची, की तो त्या पात्राला पलीकडे जाऊ देई. शेवटचं पात्र पुलावर पाय ठेवतं तेव्हा म्हातारा विचारतो, "परत जाताना इथूनच जाल ना?" आणि नियम असा की उत्तर खरं तेच द्यायचं. नकाशात परतीचा रस्ता नव्हता.

त्या दिवशी बायको आत कामात होती. तपासनिसांनी फासा खाली ठेवला, उठून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मग परत येऊन त्यांनी आपल्या नोंदींच्या वहीत शेवटची नोंद केली. एकूण नोंदी त्रेसष्ट.

आकडा पाहिला आणि त्यांनी नोंदी पुन्हा एकदा मोजून पाहिल्या. एक्केचाळिसांनी बारा वर्षं गेली होती. हे तर त्रेसष्ट. पण हे दिले नाहीत तर कोंडलेला जादूगार आणि न उठणारी पात्रं तशीच छापून जाणार, लोक हसणार, पोरीची तीन वर्षं मातीत. शनिवारभर ते या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. शेवटी त्यांनी ती नोंदींची वही कपाटात गरम कपड्यांच्या खाली सरकवली, ठकीने दिलेल्या कागदांतला एक घेतला आणि चारही रकान्यांवर आडवं लिहिलं: 'छान.'

रविवारी ठकी आली. कागद बघून तिने आधी तो उलटा करून पाहिला. मग मागच्या कोऱ्या कागदांमध्ये काही आहे का तेही पाहिलं. "झालं वाचून?" तिने विचारलं.

"हो. छान आहे."

"बरं," ती म्हणाली, सगळं पिशवीत भरलं आणि जेवायलाही न थांबता गेली.

"बघा, कशी शांतपणे गेली," बायको म्हणाली. पण तिचाही स्वर जरा पडलाच होता.

बुधवारी सकाळी कारखान्यात टपालाने तपासनिसांच्या नावे पाकीट आलं. आत त्यांचाच कागद होता. 'छान'च्या वर लाल शाईने दोन शब्द लिहिले होते: 'वाचून पाठवा.'

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान उंचावून पाहिलं आणि तो हसू लागला. "काय हो, तेवीस वर्षांनी? साहेबांनी पकडलं वाटतं अखेर."

"साहेबांनी नाही," तपासनीस म्हणाले. त्यांना आता ते चार रकाने दिसत होते. अनुक्रमांक, पान, काय लिहिलंय, काय घडलं. पोरीने स्टुलावर पाय हलवत बसून पाहिलेला कागद जसाच्या तसा आखून बापासमोर ठेवला होता, आणि त्यावर बापाने काय लिहावं तर कामचुकार माणूस लिहितो ते. त्यांनी पाकीट खिशात घातलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी जाऊन गरम कपड्यांखालची वही काढली आणि थेट लेकीच्या खोलीवर गेले.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. टेबलभर नकाशे, रंगाच्या पेन्सिली, कागदी पूल. मैत्रिणी बाहेर गेल्या होत्या. ठकीने दार उघडलं आणि बाजूला झाली.

"तुम्ही वाचलंच नाहीत, बाबा," ती म्हणाली.

"वाचलंय."

"मग छान कसं? तुम्हाला औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा छान वाटत नाही."

तपासनिसांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी जे बारा वर्षं गिळून ठेवलं होतं तेच बाहेर आलं. "मागच्या वेळी एक्केचाळीस काढले होते मी. त्यानंतर तू काही दाखवायचीच बंद झालीस. म्हटलं, पुन्हा तेच नको."

ठकीने पलंगाखालची पेटी ओढली आणि तळातून दोन जुनी, दोऱ्याने बांधलेली बाडं काढली. पहिलं बाड नऊ पानांचं, वर एक्केचाळीस नोंदींचं दोषपत्रक टाचलेलं, हाताळून मऊ पडलेलं.

"हे मी वर्गात मिरवलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांना दाखवलं. कुणाच्याच बापाने कुणाचं काही इतकं वाचलं नव्हतं. नंतर पंधरा दिवस खपून मी एकेक दोष काढला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. आणि मग हे."

तिने दुसरं बाड पुढे केलं. पानांवर दोषाची एकही खूण नाही. शेवटी बापाच्या अक्षरात एकच शब्द: 'छान.'

"मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला," ठकी म्हणाली. "वाचलंच नाहीत. मग म्हटलं, कशाला त्रास द्यायचा."

तपासनीस टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. बारा वर्षं ते चुकीच्या कागदाला दोष देत आले होते. वाईट तर वाटलंच, फार वाटलं. पण त्याच्याही वर, त्याच्यापेक्षा मोठं, असं काहीतरी छातीवरून उतरलं की त्यांना तिथल्या तिथे हसू फुटलं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. दोष काढल्याने काही बिघडलं नव्हतं. न काढल्याने बिघडलं होतं, आणि ते तर आपल्याला अगदी सहज दुरुस्त करता येण्यासारखं होतं.

त्यांनी पिशवीतून वही काढून तिच्या हातात दिली. "त्रेसष्ट आहेत," ते म्हणाले.

ठकीचा चेहरा असा काही उजळला, की कुणाला वाटावं बक्षीस लागलंय. "तिथेच बसा," तिने बजावलं. "आणि तोंड उघडायचं नाही. पद्धत माहीत आहे ना?"

त्यांना पद्धत माहीत होती. ते स्टुलावर हाताची घडी घालून बसले आणि लेक वाचू लागली. काड्यापेटीत कोंडलेल्या जादूगारापाशी ती खो-खो हसली. पुढे एका ठिकाणी "हे मात्र पटत नाही हं," असं पुटपुटली, आणि तपासनिसांनी जीभ चावून धरली. चौतिसाव्या नोंदीपाशी तिचं हसू मावळलं.

"पडल्यावर उठायचं लिहिलंच नाही?" तिने खर्डा ओढून पानं उलटली. "तीन वर्षं खेळतोय आम्ही. पडलं की उठतोच की. तिघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही? हे छापलं गेलं असतं, बाबा." तिने तिथल्या तिथे छापखान्यात फोन लावून आठ दिवस पुढे मागून घेतले, आणि ते मिळाले तेव्हा खुर्चीत मागे रेलून मोठा श्वास सोडला. "वाचलो आम्ही," ती म्हणाली.

मग उरलेल्या नोंदी. त्रेसष्टाव्या नोंदीपाशी ती थांबली. तिथे तपासनिसांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं:

'पान ९८. काय लिहिलंय: पूलराखा विचारतो, परत जाताना इथूनच जाल ना. काय घडलं: तपासनीस फासा ठेवून खिडकीपाशी गेला. दहा मिनिटं काम बंद. एक अक्षरही बदलू नये.'

ठकीने ते दोनदा वाचलं. "हा दोष आहे का?" तिने विचारलं.

तपासनिसांनी नकारार्थी मान हलवली.

"मग दोषपत्रकात कशाला घातलात? बोला आता, बोललात तरी चालेल."

"त्याला वेगळा रकाना नव्हता," ते म्हणाले.

ठकीने वही मिटली, उघडली, पुन्हा ते पान काढलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा तिने प्रयत्नसुद्धा केला नाही. तपासनिसांनी टेबलावरचा एक कागदी पूल उचलून पुन्हा जागेवर ठेवला. मग त्यांनी कामाचं बोलणं काढल्यासारखं विचारलं, "दुसरा खर्डा कधी देतेस?"

"रविवारी."

जिना उतरता उतरता त्यांनी घरी फोन लावला. बायको जणू फोनवरच बसली होती. "काय झालं? छान म्हणालात ना तिला?"

"नाही. त्रेसष्ट सांगितले."

"मग?" बायकोने हळूच विचारलं.

"मग काय, रविवारी येतेय ती," तपासनीस म्हणाले. "तेवढा बटणांचा डबा काढून ठेव."